घार घरट्याकडे परत कशी येते?

गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची आहे. वर्ग आठवीचा, तास मधल्या सुटीनंतरचा, आणि धडा पृथ्वीच्या गतीचा. आमच्या शाळेच्या मागे एक जुनी चिंच आहे. तिच्या शेंड्यावर त्या वर्षी घारीने घरटे केले होते आणि खिडकीजवळच्या मुलांचे अर्धे लक्ष नेहमी तिकडे असे. मी फळ्यावर गोल काढला, त्याला आस काढला, बाण काढला आणि नेहमीच्या आवाजात सांगितले, "पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. एका फेरीला एक दिवस लागतो. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतले. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र लिहीत नव्हता. तो चिंचेकडे पाहत होता. मी हटकल्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पृथ्वी फिरते तर चिंचपण फिरते. मग ती घार वर गेली, तासभर फिरली, तर परत घरट्यात कशी येते? चिंच तवर लांब जायला नको का?"

मी क्षणभर थांबलो. मग म्हणालो, "घारीला तुझ्यापेक्षा अक्कल जास्त आहे, म्हणून येते!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मुलगा खाली बसला आणि त्याने लिहून घेतले. वार्षिक परीक्षेत त्याच धड्यावर प्रश्न आला होता. त्याने अचूक उत्तर लिहिले आणि मी त्याला पूर्ण गुण दिले. वर्षभरात त्याने दुसरा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

हा प्रसंग सांगायला मी इतकी वर्षे घेतली याचे कारण उघड आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. ज्याला उत्तर येते तो उत्तर देतो. ज्याला येत नाही आणि येत नाही असे म्हणण्याचे धैर्यही नाही, तो हसतो. शिक्षकाच्या हाती हे फार सोयीचे शस्त्र आहे, कारण तो हसला की चाळीस मुले त्याच्या बाजूने हसतात.

पुढे काही वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हाती आला. तो मी ज्योतिषाच्या ओढीने उचलला नव्हता. ग्रंथकर्ता मॅट्रिक झालेला शाळामास्तर होता, एवढे कुठेसे वाचले होते. मीही मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, तेव्हा आपल्या जातीचा माणूस काय करून गेला ते पाहावे, एवढाच हेतू. दापोलीजवळच्या मुरूड गावचा हा माणूस मराठी शाळांत शिकवता शिकवता हजारो वर्षांचे आकाश धुंडाळत राहिला. त्याचे बोट धरून चालताना एकातून एक पुस्तके निघत गेली आणि एके दिवशी मी वराहमिहिराच्या 'पंचसिद्धांतिके'पाशी येऊन पोचलो. तेथे जे वाचले त्याने मला घाम फुटला.

सहाव्या शतकातला वराहमिहिर, उज्जयिनीकडचा, आपल्या ज्योतिषातला केवढा मोठा अधिकारी! तो सांगतो की काही लोक पृथ्वीच फिरते असे म्हणतात. पण तसे असते तर आकाशात गेलेले ससाण्यासारखे पक्षी आपल्या घरट्यांकडे परत येऊ शकले नसते. शिवाय ध्वज सदैव पश्चिमेकडेच फडफडत राहिले असते.

म्हणजे तिसऱ्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी वराहमिहिराने विचारला होता. मी त्या दिवशी एका पोराला हसलो नव्हतो. वराहमिहिराला हसलो होतो, आणि तेही उत्तर ठाऊक नसताना!

प्रश्न किती रास्त होता ते आकड्यांनी पाहा. आमच्या गावाच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. घार तासभर आकाशात राहिली आणि चिंच तिला सोडून पुढे गेली, तर चिंच गाठायला घारीला बंगालच्या उपसागराच्या मध्यावर जावे लागेल. तशी ती जात नाही हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की पुस्तकावर? त्या मुलाने डोळ्यांची बाजू घेतली. शास्त्राची सुरुवात तिथूनच होत असते.

पृथ्वी फिरते असे म्हणणारे ते 'काही लोक' म्हणजे मुख्यतः आर्यभट. त्याने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नावेतल्या प्रवाशाची उपमा देऊन सांगितले की नाव पुढे जाताना काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. उपमा अप्रतिम आहे. पण नीट पाहा: तारे फिरताना का दिसतात एवढेच ती सांगते; घार परत कशी येते हे ती सांगत नाही. त्यामुळे वराहमिहिर हटला नाही. ६२८ साली ब्रह्मगुप्तानेही विचारले की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू पडत कशा नाहीत? या ब्रह्मगुप्ताचे गणित आजही जगभर वाखाणले जाते. तो काही आडदांड माणूस नव्हता.

त्याहून मनाला चटका लावणारी गोष्ट पुढची. आर्यभटाचे काही टीकाकार असे निघाले की त्यांना गुरूविषयी अपार आदर होता, पण गुरूचे हे मत काही केल्या पचत नव्हते. त्यांनी श्लोकातला 'पृथ्वी' या अर्थाचा शब्द बदलून 'नक्षत्रमंडळ' या अर्थाचा केला. फरक एका अक्षराचा! गुरूची लाज राखली आणि गुरूचा विचार घालवला. उलट, पृथूदक नावाचा एक भाष्यकार ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर लिहायला बसला आणि आर्यभटाची बाजू घेऊन मोकळा झाला. आदर कशाला म्हणावे, हे या दोन प्रकारांवरून मुलांना जितके कळेल तितके सुविचारांच्या फळ्यावरून कळणार नाही.

युरोपातही हाच खेळ झाला. कोपर्निकसचे पुस्तक १५४३ मध्ये निघाले. आमच्या पाठ्यपुस्तकी कथेत पुढे एकच पात्र उरते: अडाणी, दुष्ट विरोधक. पण ट्यूको ब्राहे हा त्या काळचा सर्वांत काटेकोर निरीक्षक. त्याने आक्षेप घेतला की पृथ्वी फिरत असेल तर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे डागलेल्या तोफांचे गोळे सारख्याच अंतरावर कसे पडतात? ही आमची घारच; फक्त पंख काढून तोफेत घातलेली. त्याचा दुसरा आक्षेप आणखी बारीक होता. पृथ्वी सूर्याभोवती एवढी मोठी फेरी घेत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसायला हव्यात. त्याने मोजून पाहिले. सरकलेल्या दिसल्या नाहीत. म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली. चुकला, पण मोजून चुकला.

घारीचे उत्तर द्यायला आणखी एक नाव यावी लागली. १६३२ साली गॅलिलिओने आपल्या 'संवादा'त वाचकाला जहाजाच्या तळघरात नेले. सोबत फुलपाखरे घ्या, भांड्यात मासे घ्या, थेंब थेंब गळणारी बाटली टांगा. जहाज उभे असताना सगळे पाहून ठेवा. मग ते एका संथ वेगाने चालू द्या. काही फरक दिसतो का? फुलपाखरे मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाहीत. थेंब खालच्या भांड्यातच पडतो. कारण जहाजाची गती आतल्या प्रत्येक वस्तूला आधीच मिळालेली असते. घार चिंचेवरून उडते तेव्हा चिंचेची गती घेऊनच उडते, आणि ज्या हवेत ती तरंगते ती हवाही पृथ्वीबरोबर चाललेली असते. म्हणून ती घरट्यात येते. १६४० मध्ये गासेंदीने मार्सेयच्या समुद्रात चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड सोडून पाहिला. तो डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला.

आर्यभटाच्या नावेपासून गॅलिलिओच्या जहाजापर्यंत अकराशे वर्षांहून अधिक काळ गेला. हे सगळे मी फळ्यावरच्या एका बाणात गुंडाळून 'लिहून घ्या' म्हटले होते.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. गॅलिलिओच्या त्याच पुस्तकात पृथ्वीच्या गतीचा मोठा पुरावा म्हणून समुद्राच्या भरती-ओहोटीची मीमांसा दिली आहे, आणि ती साफ चुकीची आहे. भरतीशी चंद्राचा संबंध आहे हे म्हणणे त्याने झिडकारले होते. बरोबर माणसाची कारणे चुकीची असू शकतात, आणि चुकलेल्या माणसाची कारणे चांगली असू शकतात. पूर्वी मी मुलांना सांगत असे की खरे ते कोपर्निकसचे आणि खोटे ते बाकीच्यांचे. आता तसे सांगताना जीभ अडखळते.

मग पुरावा केव्हा मिळाला? पृथ्वी सूर्याभोवती धावते याची पहिली प्रत्यक्ष खूण ब्रॅडलीला १७२८ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाच्या कलण्यात सापडली. ट्यूकोने शोधलेले ताऱ्याचे ते सरकणे १८३८ मध्ये बेसेलने मोजले. ते एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरले; दुर्बिणीवाचून ट्यूकोला जेवढे बारीक मोजता येत होते त्याचा जवळजवळ दोनशेवा भाग! बिचाऱ्याला दिसणार कसे? आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे १८५१ मध्ये फूकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरांच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून लोकांना घडवून दाखवले. झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंश सरकत होती. पृथ्वी पायांखालून वळत होती आणि माणसे ते पाहत उभी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे असे मला पूर्वी वाटे. आता तो नीतीचा वाटतो. मी वर्गात 'पृथ्वी फिरते' असे सांगतो. ते खरे आहे. पण मुलाच्या पदरात काय पडते? त्याच्या आजीने सांगितले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे. गुरुजी सांगतात की ती आसाभोवती फिरते. त्याने आजीला सोडून गुरुजींचे ऐकले, कारण गुरुजींच्या हातात छडी नसली तरी गुण आहेत. अशाने पोथी बदलली. पोथी मानण्याची सवय मोडली नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. मी मुलाच्या हाती शास्त्राची उत्तरे दिली आणि दृष्टी मात्र त्याच्या डोळ्यांतून काढून घेतली, तर माझ्या हातून ते कर्तव्य घडले की बिघडले?

याला माझे सहकारी तीन आक्षेप घेतात. पहिला पोर्शनचा. वराहमिहिर, ट्यूको, गॅलिलिओ यांना वर्गात बसवले तर पोर्शन संपायचा कधी? हा आक्षेप खोटा नाही. सगळे धडे असे शिकवता येणार नाहीत. पण वर्षाकाठी दोन-तीन धडे तरी येतील. ज्याने एक विहीर तळापर्यंत पाहिली आहे त्याला पुढच्या विहिरीत पाणी कोठून येते याचा अंदाज येतो.

दुसरा आक्षेप अभिमानाचा, आणि तो आक्षेपापेक्षा मोह जास्त आहे. आर्यभटाचे नाव काढले की कोणी तरी उठून म्हणतो, "बघा, आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते!" सगळे ठाऊक नव्हते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे आर्यभट म्हणाला, आणि त्याला खोडून काढणारेही आमचे पूर्वजच होते. मला अभिमान वाटतो तो त्या भांडणाचा. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी या देशात माणसे घारीचे घरटे आणि देवळावरचा ध्वज पुढे करून विश्वाविषयी वाद घालत होती. इतिहास अर्धा सांगितला तर बढाई होते. पुरता सांगितला तर शिक्षण होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. मोठमोठे लोक चुकले असे सांगितले, तर उद्या मुलगा विचारील, "मग आज पुस्तकात आहे तेही खोटे ठरेल ना? आणि ठरणार असेल तर ते शिकायचे तरी कशाला?" या प्रश्नाची मला भीती वाटत असे. 'सगळीच मते, सगळीच सारखी' असे मानणारे मूल शास्त्रालाही मुकते आणि श्रद्धेलाही. पण हाच इतिहास नीट पाहिला तर उत्तर त्यातच आहे. ट्यूकोचे मत पडले, पण त्याची मापे पडली नाहीत. त्याच मापांवर केप्लरने ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा बसवल्या. घारीचा आक्षेप कोणी दडपून टाकला नाही. त्याला उत्तर दिले गेले, आणि उत्तर देताना गतीचे नवे शास्त्र जन्माला आले. शास्त्रात चूक सुधारते ती हिशेबाच्या वहीत सुधारावी तशी: आधीची बेरीज दिसत राहते आणि कोठे चुकले तेही दिसते. मते बदलतात हे खरे. पण वाटेल तशी बदलत नाहीत.

हा मार्ग काही मी शोधलेला नाही. भोपाळ संस्थानात सिहोरला विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. आपल्या सिद्धांतग्रंथांची शिडी करूनच इथल्या विद्यार्थ्यांना कोपर्निकसपर्यंत न्यावे, असे त्याचे मत होते. त्याच्या सहवासातल्या सुबाजी बापू या पंडिताने १८३६ मध्ये पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस अशी तिन्ही मते शेजारी शेजारी मांडणारे पुस्तक मराठीत लिहिले. तिन्ही मते वाचकापुढे ठेवावी आणि त्याच्या बुद्धीवर भरवसा ठेवावा, हे धैर्य त्या पंडिताने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी दाखवले. मला एका मुलाला 'थांब, मला पाहू दे' एवढे म्हणण्याचे धैर्य झाले नाही.

हे सगळे वाचल्यावर मीही एकदा फूको व्हायचे ठरवले. शाळेच्या सभागृहाच्या तुळईला चारएक मीटरांची तार बांधली, खाली गोळाफेकीचा लोखंडी गोळा अडकवला, जमिनीवर खडूने रेघ ओढली. गोळा हाताने सोडला तर धक्का बसतो, म्हणून तो दोऱ्याने ओढून बांधला आणि दोरा उदबत्तीने जाळला. आमच्या अक्षांशावर झोक्याने तासाला साडेचार अंश सरकायला हवे होते. मुले श्वास रोखून बसली. पंधरावीस मिनिटांतच गोळा सरळ रेघ सोडून लांबट वर्तुळात फिरू लागला. तारेची गाठ एका अंगाला जास्त ताठ असावी. अर्ध्या तासाने पाहावे तर काय सरकले आणि काय भरकटले, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहिलेच पाहिजे. 'पाहा, सरकला!' असे मी म्हणालो असतो, तर सगळ्या मुलांनी 'हो, सरकला' म्हटले असते. कोणालाही फसवल्यासारखे वाटले नसते, कारण निष्कर्ष खराच होता. खऱ्या गोष्टीसाठी खोटा पुरावा देणे याहून गोड मोह शिक्षकाला नसेल. मी म्हणालो, "मुलांनो, आपला प्रयोग फसला."

एका मुलीने विचारले, "मग पृथ्वी फिरत नाही, गुरुजी?"

"फिरते. पण ते आज आपल्या गोळ्याने दाखवले नाही."

मग गाठ कशी बांधावी, तार किती लांब हवी, गोळा किती जड हवा, यावर मुलांनी जो कल्ला केला तसा माझ्या वर्गात पूर्वी कधी झाला नव्हता. प्रयोग अजून साधलेला नाही. पण त्या दिवशी कोणी कोणाला हसले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एस. टी. ने बहिणीकडे भाऊबीजेला निघालो होतो. कंडक्टरने तिकीट देताना वाकून नमस्कार केला. तिसऱ्या बाकावरचा मुलगा! गाडी रिकामी होती. रस्ता सरळ होता. मी त्याला शेजारी बसवले आणि त्या दिवसाची आठवण दिली. प्रश्न तो विसरला होता. वर्ग हसला होता एवढे त्याच्या लक्षात होते.

मी त्याच्याकडून एक रुपया मागून घेतला आणि वर उडवला. तो माझ्याच तळव्यात पडला. म्हटले, "नाणे अर्धा सेकंद हवेत होते. तेवढ्यात गाडी सात-आठ मीटर पुढे गेली. मग ते मागच्या बाकावर का पडले नाही?" त्याने नाणे घेऊन स्वतः दोनदा उडवले. मग खिडकीबाहेर पाहिले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे घार गाडीतच बसलीय."

"हो."

"म्हणजे गुरुजी, माझं चुकलं नव्हतं?"

"चुकले होते," मी म्हणालो, "पण प्रश्न शहाण्या माणसाचा होता. चूक माझी मोठी. उत्तर मला येत नव्हते, म्हणून मी हसलो."

तो काही बोलला नाही. पुढच्या थांब्यावर गाडीने कचकन ब्रेक मारला. आम्ही दोघे पुढे झुकलो आणि रुपया त्याच्या हातून निसटून ड्रायव्हरकडे घरंगळत गेला. तो उचलून परत येताना त्याचा चेहरा आठवीतल्या मुलाचा झाला होता. "गुरुजी, आणि पृथ्वीनं ब्रेक मारला तर?"

मला उत्तर येत नव्हते. या खेपेस तसे सांगितले आणि उतरलो.

सुटीत शोधले तेव्हा कळले की ब्रेक लागलेलाच आहे. चंद्राने उठवलेल्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावत असते. शंभर वर्षांत दिवस जेमतेम दोन हजारांश सेकंदाने लांबतो. आणि हे ज्या खुणांवरून पडताळले गेले, त्यांत बाबिलोन आणि चीनमधल्या माणसांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या ग्रहणांच्या नोंदी आहेत. पृथ्वी फिरते असे त्या लिहिणाऱ्यांनी मानले नव्हते. पण जे दिसले ते त्यांनी इमानाने टिपून ठेवले.

या दिवाळीत पुन्हा त्याच गाडीने जाणार आहे. कंडक्टर तोच असला तर उत्तर तयार आहे. त्याचा पुढचा प्रश्न काय असेल, ते मात्र सांगता येत नाही.